खुळ्या भुंकण्याची स्तुती

रात्री साडेअकरा वाजता बारा नंबरच्या तंबूतून एक गृहस्थ बाहेर आले आणि अंधाराकडे तोंड करून ओरडले, "कुणाचं आहे रे ते कुत्रं? गप्प करा त्याला!" कुत्र्याला त्यातलं एवढंच कळलं, की कुणीतरी उत्तर दिलं. तो दुप्पट जोराने भुंकायला लागला.

पवना धरणाच्या काठावरची ही जानेवारीतली शनिवारची रात्र. एका अंगाला तिकोना, पलीकडे तुंग, उत्तरेला लोहगड आणि विसापूर. दिवसा पाण्यात या डोंगरांचं प्रतिबिंब पडतं आणि रात्री काठावरच्या तंबूंमधल्या दिव्यांचं. पुण्या-मुंबईची माणसं शनिवारी दुपारी येतात, बार्बेक्यूचा धूर खातात, गाणी ऐकतात आणि रविवारी सकाळी पोहे-चहा घेऊन परत जातात. आम्हीही त्यांतलेच. मी, माझी भाची आणि तिचा नवरा. आमचा तंबू चौदा नंबरचा. पंधरा नंबरच्या मागे एक जांभळाचं झाड होतं आणि त्याला हातभर साखळीने ब्रूनो बांधलेला होता. काळा लॅब्राडोर, वय साधारण तीन वर्षं. मालक दिसत नव्हते.

त्या रात्री त्या कुत्र्याला सगळे मूर्ख म्हणत होते. मला त्याची स्तुती करायची आहे. त्याची, त्याच्या भुंकण्याची, आणि त्याच्यापायी जी जी माणसं खुळ्यासारखी वागतात त्या सगळ्यांचीही. मी हे मनापासून लिहिते आहे, कारण भुंकणाऱ्या कुत्र्याच्या शेजारी रात्र काढायची वेळ आली की आपण जे जे शहाणपणाचं म्हणून करतो ते सगळं त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि त्यातलं काहीही उपयोगी पडलं नाही.

एकाने कानात बोळे घातले. एकीने मॅनेजरला फोन केला. मॅनेजरने कामावरच्या मुलाला पाठवलं, त्याने लांबून "हाड, हाड" केलं. कुणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती साखळीला लागून खणकन वाजली. भाचीचा नवरा म्हणाला, "मावशी, दुर्लक्ष करा, थकला की गप्प बसेल." कुत्रा थकत नाही. एकटेपणाने भुंकणारा कुत्रा तर नाहीच नाही.

आणि एक गोष्ट मला आत्ताच सांगून टाकायची आहे, कारण ती मला अजून सलते. त्याच काठावर साडेअकरापर्यंत लाउडस्पीकर चालू होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. दीड तास तो नियम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोडला गेला आणि कुणी चकार शब्द काढला नाही. तक्रार झाली ती कुत्र्याची. ज्याच्याकडे बंद करायचं बटण नाही, त्याच्यावरच आपण संतापतो.

माझं आजोळ भोर तालुक्यातलं. भाताची कापणी झाली की खाचरं रिकामी व्हायची, आणि मग देशावरून धनगर यायचे. घोड्यावर बिऱ्हाड, डालग्यात कोकरं, मागे मेंढरांचा कळप. आप्पा, म्हणजे माझे आजोबा, त्यांच्याशी बोलणी करून आमच्या खाचरात मेंढरं बसवायचे. मेंढरं रात्रभर शेतात बसली की लेंड्यांचं आणि मुताचं खत आपोआप जमिनीत जातं. त्या बदल्यात आप्पा धान्य द्यायचे. संध्याकाळी वाघर लावली जायची, म्हणजे जाळीचं कुंपण, त्यात मेंढरं, बाजूला तीन दगडांची चूल, चुलीपाशी बायामाणसं, आणि सगळ्याच्या भोवती कुत्री. त्याला वाडा म्हणतात. महाराष्ट्रातला सगळ्यात जुना कॅम्प तोच. तंबू नसलेला.

आमचं घर खाचराच्या वरच्या अंगाला होतं. रात्री वाड्यावरची कुत्री भुंकायची. एक थांबलं की दुसरं, मग पलीकडच्या टेकाडावरून तिसरं. मी सात-आठ वर्षांची असेन. पहिल्या रात्री मला झोप येईना. दुसऱ्या दिवशी आप्पांना म्हटलं, "आप्पा, त्यांना सांगा ना कुत्री बांधून ठेवायला." आप्पा म्हणाले, "अगं, ती भुंकतायत म्हणून तर सगळे झोपलेत." त्या वेळी मला ते काही पटलं नाही. पण तिसऱ्या की चौथ्या रात्री भुंकणं अचानक बंद पडलं, आणि घोरत पडलेले आप्पा ताडकन उठून बसले. हातात कंदील घेऊन अंगणात गेले. खालून धनगराची हाक आली, यांनी उलट हाक दिली. मग पुन्हा एक कुत्रं भुंकलं, आणि आप्पा येऊन आडवे झाले.

भुंकण्याने नव्हे, भुंकणं थांबल्याने माणूस जागा होतो, अशी एक झोप या मुलखात होती. आपण ती विसरलो.

आपल्याला भुंकणं म्हणजे एकच आवाज वाटतो. तसं नाही. सोफिया यिन या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी निरनिराळ्या प्रसंगी कुत्र्यांचं भुंकणं ध्वनिमुद्रित केलं. दारावरची घंटा वाजल्यावरचं, खेळतानाचं आणि एकटं कोंडून ठेवल्यावरचं. त्यांचे निष्कर्ष २००२ आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. कुणी परकं आलं की भुंकणं खालच्या पट्टीतलं, खरखरीत आणि भराभर येतं. कुत्रा एकटा पडला की आवाज वर चढतो, एक एक सुटा येतो, मध्ये जागा सोडून. जणू प्रत्येक हाकेनंतर तो उत्तराची वाट बघतो.

बुडापेस्टच्या एओटव्होश लोरांड विद्यापीठात पेटर पोंग्राट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची पायरी गाठली. मूदी नावाच्या हंगेरियन मेंढपाळी कुत्र्यांचं भुंकणं त्यांनी माणसांना ऐकवलं आणि विचारलं, हा कुत्रा कोणत्या प्रसंगात आहे? २००५ च्या त्या अभ्यासात, ज्यांनी आयुष्यात कधी कुत्रा पाळला नाही अशांनाही नुसत्या अंदाजापेक्षा कितीतरी चांगली उत्तरं देता आली. पुढे जन्मांध माणसांवर असाच प्रयोग झाला. त्यांनाही ते ओळखता आलं. म्हणजे कुत्र्याचा चेहरा न बघताही आपल्याला त्याचं भुंकणं कळतं. आपले कान ते जाणतात. हजारो वर्षांच्या सोबतीत कुत्रा भुंकायला शिकला असेल, तर माणूसही ऐकायला शिकला होता. लांडगेसुद्धा भुंकतात, पण मोठे लांडगे क्वचितच. इतकं अखंड, इतक्या तऱ्हांनी भुंकणारा प्राणी माणसाच्या दारातच तयार झाला.

त्या रात्री मी मग तंबूत उठून बसले आणि नीट ऐकलं. भू. थांबा. भू. थांबा. वरच्या पट्टीत, सुटं सुटं. मला कुणी अर्थ सांगायची गरज नव्हती. मी शाल घेतली, चपला घातल्या.

भाची म्हणाली, "मावशी, येडी आहेस का? अनोळखी कुत्रा आहे."

तिचं म्हणणं बरोबर होतं. साखळीला बांधलेल्या, घाबरलेल्या, अनोळखी कुत्र्याजवळ रात्री जाणं हा खुळेपणाच. कुणी असं थेट जाऊन हात लावू नये, हे मी अगदी ठामपणे सांगेन. मी साखळीच्या टप्प्याबाहेर, त्याच्याकडे पाठ अर्धी वळवून, जमिनीवर बसले. त्याच्याकडे बघितलं नाही. बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही, बहुधा थंडीबद्दल. तो आधी गुरगुरला, मग अजून चार-पाच वेळा भुंकला, मग कूं कूं करायला लागला. दहा मिनिटांनी साखळी ताणून त्याने माझ्या शालीचं टोक हुंगलं. पंधरा मिनिटांनी तो आडवा झाला. त्याचा एक पंजा शालीवर होता. काठावर शांतता पसरली. बारा नंबरच्या तंबूतून कुणीतरी "सुटलो" म्हणाल्याचं ऐकू आलं.

माझ्या या खुळेपणाचा वंश फार जुना आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एक दफन सापडलं. एक पुरुष, एक बाई आणि एक कुत्रं. सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं. २०१८ मध्ये संशोधकांनी त्या कुत्र्याचे दात तपासले तेव्हा कळलं, की ते जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याला डिस्टेंपर झाला होता. तो रोग आजही लस न घेतलेल्या पिल्लांना मारतो. हे पिल्लू मात्र कित्येक आठवडे तग धरून होतं, आणि कुणीतरी त्याला भरवल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय, साफ ठेवल्याशिवाय ते शक्य नव्हतं. हिमयुगाच्या शेवटाला, स्वतःच्या पोटाची भ्रांत असताना, शिकारीला किंवा राखणीला कधीही उपयोगी न पडणाऱ्या आजारी पिल्लाजवळ कुणीतरी रात्री जागलं. त्या माणसाला त्याच्या टोळीतल्या शहाण्यांनी काय म्हटलं असेल, याची मला कल्पना करता येते.

आणि आपले नामदेव. कुत्र्याने पोळी पळवली म्हणून सगळे काठी घेऊन धावतात, नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. कोरडी पोळी कशी खाशील, म्हणून. ही गोष्ट आपण लहान मुलांना कौतुकाने सांगतो आणि मोठेपणी पाण्याची बाटली फेकतो. जेजुरीच्या खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे. खंडोबाचे भक्त असलेले वाघ्ये स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवून घेतात, कोटंब्यातून भिक्षा घेतात, आणि विधीच्या वेळी कुत्र्यासारखे भुंकतातही. ज्या मुलखात माणसं देवापुढे भुंकतात, तिथे कुत्र्याच्या भुंकण्याला नुसता गोंगाट म्हणणं मला जड जातं.

एकच्या सुमाराला ब्रूनोचे मालक आले. तिशीच्या आतलं जोडपं. दूरच्या टोकाला मित्रांबरोबर शेकोटीपाशी बसले होते, तिथे त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. मला जमिनीवर बसलेली बघून दोघंही ओशाळले. "सॉरी काकू, तो घरी असा नाही करत." मी म्हटलं, "घरी झोपतो कुठे?" मुलगी म्हणाली, "आमच्या पलंगाच्या पायथ्याशी."

म्हणजे सगळा उलगडा तिथेच होता. रोज माणसांच्या श्वासाच्या अंतरावर झोपणारं जनावर. आज परकी जमीन, परके वास, आणि हातभर साखळी. त्याचे कान आपल्यासारखे नाहीत. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचा. गवतातला उंदीरसुद्धा त्याच्यासाठी बोलका असतो. अशा रात्री त्याला काय काय ऐकू येत असेल आणि त्यातलं काय काय तो कुणालाच सांगू शकत नसेल! बुकिंग करताना त्यांना सांगितलं होतं, कुत्रा चालेल. आल्यावर सांगितलं, तंबूत नको, कापड फाटतं. तंबूचं कापड वाचवण्यासाठी पन्नास माणसांची झोप आणि एका जनावराचा धीर पणाला लागला होता.

मी त्या दोघांना रागावले, पण फार नाही. कुत्रं बरोबर आणलं हेच मुळात प्रेमाचं काम. त्याला शहरात पिंजऱ्यात ठेवून ते येऊ शकले असते. मात्र काही गोष्टी मी त्यांना सांगितल्या आणि इथेही सांगते, कारण त्या कुणी सांगत नाही. तंबूत घेणार की नाही हे निघण्याआधी विचारून घ्या, आणि नसतील घेत तर तिथे जाऊ नका. त्याचं घरचं अंथरूण न धुता आणा, त्या वासात त्याचं घर असतं. पोचल्यावर आधी तासभर त्याला काठाने हिंडवा, सगळं हुंगू द्या, म्हणजे रात्रीचा अंधार त्याच्या ओळखीचा होईल. बांधायचंच असेल तर लांब दोरीने, आणि माणसं दिसतील अशा जागी. आखूड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरताच धरलेलं आहे. तो भुंकला की ओरडू नका, तुमचं ओरडणं त्याला साथ वाटते. आणि त्याला सोडून शेकोटीला जाऊ नका. जायचं तर त्याला घेऊन जा. शेजारच्या तंबूत संध्याकाळीच जाऊन सांगा, हा आमचा ब्रूनो, नवीन जागा आहे, थोडा घाबरेल. आमच्याकडे कुणी असं सांगायला आलं असतं तर भाचीच्या नवऱ्याने त्याला बिस्किटं दिली असती. ज्या कुत्र्याचं नाव ठाऊक असतं त्याचं भुंकणं निम्मं होतं, हा माझा अनुभव आहे.

मुलगी रडवेली झाली होती. तिने साखळी सोडली. पण तंबूत न्यायची दोघांनाही भीती वाटत होती, दंड करतील म्हणून. मग आम्ही तिघं आणि ब्रूनो जांभळाखाली सतरंजीवर बसलो. दोघं लवकरच पेंगायला लागले.

तीन वाजून गेले असतील. ब्रूनो उठून उभा राहिला. मानेवरचे केस ताठ, तोंड मागच्या उताराकडे. आणि तो भुंकायला लागला. या वेळी सुटं सुटं नाही. खालच्या पट्टीत, खरखरीत, एकामागून एक. मला अंगावर काटा आला, कारण हा आवाज मला ओळखीचा होता. आप्पांच्या खाचरातला.

मघाशी "हाड" करून गेलेला मुलगा बॅटरी घेऊन धावत आला. तो पलीकडच्याच गावचा. त्याने उतारावर उजेड टाकला. कारवीच्या जाळीत काहीतरी हललं, किंवा वारा असेल. तो हळूच म्हणाला, "काकू, वाघरू असंल, न्हाईतर डुक्कर. कुत्रं आत घ्या."

"तंबूत चालत नाही ना?"

"मी सांगतो मालकाला. आधी आत घ्या."

वाघरू म्हणजे बिबट्या. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता, शेळ्यांपेक्षाही जास्त. डोंगराच्या पायथ्याशी रात्री उघड्यावर साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे काय, हे त्या मुलाला कुठलाही अभ्यास न वाचता ठाऊक होतं. त्या रात्री उतारावर काय होतं ते कळलं नाही. काही नसेलही. पण ज्याच्यावर सगळ्यात मोठं संकट होतं, तोच सगळ्यांना उठवत होता. भुंकल्याने आपली जागा कळते, शत्रूला नेमकं कळतं आपण कुठे आहोत.  तरीही कुत्रा भुंकतो. स्वतःला उघड करून तो दुसऱ्यांना सावध करतो, आणि तेही बाटली फेकणाऱ्यांना. हा खुळेपणा नसेल तर दुसरं काय आहे? आणि याच खुळेपणाच्या आधाराने माणसाने गुरं पाळली, मेंढरं राखली, उघड्या माळावर पोरंबाळं घेऊन झोपायचं धाडस केलं.

ब्रूनोला तंबूत घेतलं. तो दोघांच्या मध्ये जाऊन पडला. कापड फाटलं नाही. बारा नंबरचे गृहस्थ पुन्हा बाहेर आले होते, या वेळी न ओरडता. मुलाने त्यांना दोन शब्दांत सांगितलं. ते थोडा वेळ उताराकडे बघत उभे राहिले, मग त्यांच्या लेकीला हाक मारून म्हणाले, "चेन नीट लावून घे गं तंबूची." जाताना पंधरा नंबरपाशी थांबले. आतून शेपटी कापडावर आपटल्याचा आवाज आला.

मी आमच्या तंबूत जाऊन आडवी झाले. पाण्यापलीकडच्या कुठल्याशा वाडीतून एक कुत्रं भुंकलं, फार लांबून. शेजारच्या तंबूतून ब्रूनोने एकदाच, आतल्या आत, उत्तर दिलं. मग पलीकडून पुन्हा आलं. डोळे मिटून मी ते ऐकत राहिले, आणि तिसरं उत्तर येईपर्यंत मला झोप लागली होती.